आसरांचा डोह

"आजी, बादलीत काय हे?"

"मासं."

"जितं का मेलेलं?"

"जितं आसतं तं मी कशापायी एश्टीत बसले आसते रे बाबा?"

गाडीतली माणसं हसली. कंडक्टर काही हसला नाही. त्यानं बादलीवरचं ओलं गोणपाट चिमटीनं उचललं, आत डोकावला आणि लगेच नाकाला रुमाल लावला. "मेलेलं जनावर गाडीत न्यायचं नाय. उतरा खाली."

"जनावर नाय. आसरांच्या डोहातलं मासं हे. नाशकाला तपासाया न्यायचं हाय."

"उतरवा हो म्हातारीला," मागून एक पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ ओरडला. "वासानं डोकं उठलं."

मालनबाईनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "तुमच्या घरचं मानूस गेलं तं वास येत नाय का? मंग टाकून देता का त्याला रस्त्यात?"

पुढून ड्रायव्हर म्हणाला, "बसू दे रे. आजी, मागल्या शिटावर बसा आन् खिडकी सारी उघडी टाका." कंडक्टर पुटपुटत पुढं गेला. मालनबाई मागं जाऊन बसली आणि दिंडोरी मागं पडली तशी बादली दोन्ही पायांत घट्ट धरून बाहेर बघत राहिली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाचे बाग. छाटणी झालेली, नवी कोवळी फूट निघालेली, आणि बागाबागांतून औषध फवारणाऱ्या ब्लोअरचा धूर उठलेला. पांढरा, गोडसर वासाचा. त्या वासाला सारा मुलूख मानवलेला. नाकाला रुमाल कोणी लावत नव्हतं.

मालनबाई डोहेवाडीची. गाव नदीच्या वरच्या अंगाला, आणि हिचं घर खाली थडीला, एकटं. नवरा जाऊन बरीच सालं झाली. लेक राखी सटाण्याला दिलेली. तिचं सासर कांद्याचं, कामाचा रगाडा, तिचा फोन यायचा तो सणावाराला. घरामागं झेंडूचं वावरभर रान होतं. फुलं तोडायची, क्रेटं भरायची, सकाळी टेम्पो आला की त्यात चढवायची. टेम्पो गेला की दिवसभर माणसाचं तोंड दिसायचं नाही.

माणसाला बोलायला कोणीतरी लागतं. मालनबाईला मासे होते.

घरापासून हाकेच्या अंतरावर नदीचा डोह होता. काठावर शेंदूर माखलेले सात दगड, साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे. त्या डोहात गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही, अशी चाल वाडवडलांपासून. म्हणून मासे माजलेले, हातहात लांबीचे. मालनबाई शिळी भाकरी घेऊन काठावर गेली की तिच्या पावलाच्या आवाजानं ते वर यायचे. "आलं का रे खादाडांनो," ती म्हणायची. "काल रातच्याला राखीचा फोन आला व्हता. पोराला ताप हे म्हनं." मासे तोंडं उघडून भाकरीचे तुकडे ओढायचे आणि ती सारं घरचं त्यांना सांगायची. दुसरं कोणाला सांगणार?

परतीचा पाऊस यंदा लांबला. बागायतदार घडीघडीला आभाळाकडं बघू लागले. कोवळ्या फुटीवर रोग बसला की साल गेलं. मग पावसाची उघडीप मिळाली की ब्लोअर सुरू, पुन्हा शिंतोडे आले की पुन्हा ब्लोअर. एक औषध उतरतं न उतरतं तोवर दुसरं.

आणि एका सकाळी मालनबाई भाकरी घेऊन गेली तर डोहावर पांढरं पांढरं तरंगत होतं. तिला आधी वाटलं, कोणी कागद टाकले. जवळ गेली तेव्हा कळलं, ती पोटं होती. मोठा, ओठ फाटलेला एक जुना मासा काठाच्या गवताला लागला होता. कल्ला अजून हलत होता. ती पाण्यात उतरली, त्याला दोन्ही हातांत धरलं. हातातच थंड झाला.

गाव गोळा झालं. मालनबाईचा दीर पुंजाराम आला, त्याचा पोरगा जीवन आला. जीवन हा गावच्या द्राक्ष गटाचा म्होरक्या. सारा गट मिळून माल परदेशी धाडायचा. बारकू भगतानं डोहाकडं बघून सांगितलं, "आसरा कोपल्या. हिरवं लुगडं नेसवा, नारळ फोडा, गावजेवण घाला."

"उन्हानं पानी तापलं आसंल," पुंजाराम म्हणाला. मनापासून म्हणाला, त्याला तसंच वाटत होतं.

मालनबाई म्हणाली, "उन्हाळाभर नाय मेलं ते कार्तिकाच्या तोंडावर कसं मरत्याल, भाऊजी? मागं शिबिराला ती कालेजातली पोरगी आली व्हती ना, पान्याच्या बाटल्या भरून नेल्या तिनं. ती म्हनली व्हती, कधी मासं मेलं तं कळवा. जीवन, लाव बरं तिला फोन."

जीवननं सगळ्यांच्या देखत हात जोडले. "मोठी आई, तुझ्या पाया पडतो. गप बस. एक्स्पोर्टवाले येत्यात बाग बघाया. गावाबाहेर शब्द गेला तं गट झोपला म्हनून समज."

"तुझ्या द्राक्षाचा मनी मनी तपासत्यात ना रे, त्यात औषध ऱ्हायलं का म्हनून?"

"तपासत्यात."

"जे द्राक्षात ऱ्हायलं नाय ते गेलं कुठं, हे कुनी इचारतं का?"

जीवन ओरडला. ओरडला ते काय ओरडला ते जाऊ द्या. पण मालनबाईनं घरी येऊन बादलीत मासे भरले आणि दुपारची एसटी धरली.

नाशकात कॉलेजाचा पत्ता विचारत विचारत ती पोचली. शिबिराला आलेली ती पोरगी, तेजस्विनी, प्रयोगशाळेत पांढरा अंगरखा घालून बसली होती. तिनं म्हातारीला ओळखलं, आधी पाणी दिलं, मग बादली उघडली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"आजी, हे फार खराब झालेत हो. यातून आता काही नक्की सांगता येणार नाही. मासे मेले त्या वेळचं पाणी आणलंत का?"

"पानी? पानी न्हाई आनलं." मालनबाई मटकन खाली बसली. एवढ्या लांबून, सगळ्या गाडीची बोलणी खाऊन ती आली होती. "मला वाटलं मेल्या जिवाकडं बघून तुमाला समजंल."

तेजस्विनी तिच्याशेजारी फरशीवरच बसली. मग उठून तिनं एक काचेचं भांडं आणलं. आत तांदळाच्या कणीपेक्षा बारीक जीव टुणटुण उड्या मारत होते.

"या पाणपिसवा. विषाचा पहिला दणका बऱ्याचदा यांना बसतो. त्या मेल्या की त्यांच्यावर जगणारी माशांची पिल्लं उपाशी. आम्ही तुमच्या नदीचं पाणी यांच्या भांड्यात घालतो आणि बघतो, यांचं हलणं थांबतं का."

"ह्यांचं कोनी नाव बी घेत नसंल."

"आम्ही घेतो," तेजस्विनी हसली. "पण आजी, नुसतं औषध विषारी आहे एवढ्यानं भागत नाही. ते पाण्यात कुठून येतं, किती येतं, आणि तेवढ्यानं जीव मरतो का, हे सगळं बघावं लागतं. त्याशिवाय कोणाला बोल लावता येत नाही."

मालनबाईनं जरा विचार केला. "म्हंजी इंचू जहरी हे, हे खरं. पन तो भिंतीत ऱ्हातो का हातरुनात येतो, ते बघायचं."

"बरोब्बर."

"मंग ये बाई माझ्या घरी. बघ तो कुढून येतो ते."

तेजस्विनी आली. गावच्या रिक्षातून जाळीच्या पेट्या, बाटल्या, बर्फाचा डबा असं बिऱ्हाड घेऊन आली आणि मालनबाईच्या ओसरीवर उतरली. पेट्या नदीत ठेवायच्या होत्या: एक पार वर, जिथं बाग लागत नाहीत तिथं, एक गावाखाली, जिथं द्राक्षाला पाणी उचलणारी मोटर बसवली आहे तिथं, आणि एक खाली डोहात. प्रत्येकीत जिवंत मासे आणि गोगलगायी सोडायच्या. कुठली पेटी मरते, ते बघायचं.

"मासं कुठलं?" मालनबाईनं विचारलं.

"याच नदीचे हवेत. वरच्या अंगाचे, लहान."

"आन् ते मरायला ठेवायचं?"

"मरतीलच असं नाही, आजी."

"पोरी, माझ्याकडं बघून सांग."

तेजस्विनीनं खाली बघितलं. "काही मरतील."

मालनबाई उठून घरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, मांडलेलीच भांडी ती पुन्हा मांडत होती. जन्मात तिनं या नदीतला मासा धरला नव्हता, आणि आता विषाच्या तोंडी द्यायला धरायचा. पण न धरावा तर पुढल्या वेळी डोहात काय उरणार? ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुनं लुगडं होतं. "ह्यात गावत्याल. चल."

दोघी वरच्या ओहोळात गेल्या. लुगड्याची दोन टोकं दोघींनी धरली, आणि बोटभर मासे अलगद उचलून बादलीत सोडले. परतताना मालनबाई सात दगडांपुढं उभी राहिली. तिनं हळद वाहिली नाही, नारळ फोडला नाही. नुसती म्हणाली, "तुमचंच हे. माझ्या हातून जातंय. पदरात घ्या."

पेट्या पाण्यात पडल्या आणि गावानं तिला वाळीतच टाकलं म्हणा. कोणी ठराव केला नाही, दवंडी दिली नाही. नदीवर धुणं धुवायला येणाऱ्या बाया वरच्या पाणवठ्याला जाऊ लागल्या. जाऊ सुमनबाई, जीवनची आई, वाटेत दिसली की पदर सावरून बांधाबांधानं निघून जायची. टेम्पोवाला गटातलाच, तो एका सकाळी थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मालनबाई फुलांचं गाठोडं डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायला लागली. रस्त्यावर कोणी परगावची गाडी थांबली तर थांबली. नाही थांबली की फुलं तिथंच कोमेजायची.

येत राहिला तो एकटा पुंजाराम. संध्याकाळी धार काढली की लोटी घेऊन उतारानं खाली यायचा. तो लहान असताना मालनबाई लग्न होऊन या घरात आली होती. त्याला तिनं आपल्या हातानं जेवू घातलं होतं. आता त्याचे केस पिकले, हात थरथरायला लागले, पण दुधाची लोटी चुकली नाही.

"जीवन बोंबलतो," तो ओट्यावर बसत म्हणायचा. "बोंबलू द्या. तुमी च्यात दूध घाला."

"तुमाला बी बोलत आसंल."

"बोलतो की. म्हनतो, म्हातारीच्या नादी लागू नका. मी म्हनलं, आरं, तिच्या नादी मी चड्डी घालत नव्हतो तवापास्नं हाय." तो हसायचा. मग नदीकडं बघत म्हणायचा, "तपासू द्या वहिनी. ज्या कोनाचं पाप आसंल त्याचं निघंल भायेर. आपल्याला काय भ्या?"

त्या संध्याकाळी त्याच्याशी बोलून मालनबाईला बरं वाटायचं. डोह तर मुका झाला होता. भाकरी टाकली तर तुकडा भिजून तळाला जायचा.

मग ढग आले. रात्री शिंतोडे पडले आणि उजाडताच सगळ्या शिवारात ब्लोअर लागले. दिवसभर नुसती घरघर. तेजस्विनीला निरोप गेला; दुसऱ्या सकाळी ती हजर. दोघी वरच्या पेटीकडं गेल्या. मासे ठीक होते, जाळीला तोंडं लावून पाणी कापत होते. मालनबाईच्या जिवात जीव आला.

मग मोटरीजवळची पेटी उचलली. सगळे मासे उलटे. तोंडं उघडी. गोगलगायी जाळीवरून सुटून खाली पडलेल्या, अंगं शंखाबाहेर लोंबणारी. डोहातल्या पेटीत निम्मे मेलेले, निम्मे तिरके फिरत होते, दिशा हरवल्यासारखे.

तेजस्विनीनं बाटल्या भरल्या, बर्फात ठेवल्या. मग मान वर करून काठाकडं बघितलं. "आजी, ही वरची पेटी चांगली, आणि इथून पुढं सगळं मेलेलं. म्हणजे मधेच कुठंतरी शिरतंय. तो सिमेंटचा ओटा कसला आहे?"

मालनबाईला तो ओटा काही नवा नव्हता. येता-जाता तिनं तो रोज बघितला होता. पण आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना ओट्यावरून नदीत उतरणारा तो पांढरट ओघळ दिसला. गटाचे सगळे ब्लोअर त्या ओट्यावर यायचे. मोटरीच्या पायपानं टाकी भरायची, त्यातच औषध कालवायचं, टाकी उतू गेली की जायची खाली. फवारा झाला की तिथंच टाकी विसळायची. मोकळे डबेसुद्धा तिथंच विसळायचे.

"आजी? कोणाचा आहे हा ओटा?"

वारा पडला होता. मालनबाईला वाटलं, म्हणावं की मला काय ठाऊक. पोरगी परकी, तिला कोण सांगणार? आणि संध्याकाळी लोटी येईल. तिनं मेलेल्या पेटीकडं बघितलं.

"माझ्या दिराचा," ती म्हणाली.

बाटल्यांतल्या पाण्यानं पाणपिसवा घटकाभरात निपचित पडल्या, आणि पाण्यात त्या दिवशी फवारलेलंच औषध निघालं, असा तेजस्विनीचा फोन पुढं मालनबाईच्या डबड्या मोबाईलवर आला. "आजी, आम्ही ग्रामसभेत सांगणार आहोत. कोणाचं नाव घेणार नाही."

"नाव घेतलं काय न घेतलं काय. गाव ते केवढं, आन् नदीवर ओटा एकच. मला आजचा दिस दे."

ती त्याच दुपारी उतार चढून पुंजारामच्या घरी गेली. किती दिवसांनी त्या अंगणात पाऊल टाकत होती. सुमनबाई तिला बघून आत गेली. पुंजाराम बाजेवर बसून दोर वळत होता.

"वहिनी! तुमी कशाला आल्या? मी येतच व्हतो की."

"भाऊजी, एक सांगायचं हे. बसूनच ऐका."

तिनं सांगितलं. पेटीचं सांगितलं, ओघळाचं सांगितलं. आड काही ठेवलं नाही. पुंजारामच्या हातातला दोर आधी थांबला, मग सुटून खाली पडला.

"मी?" तो म्हणाला. "वहिनी, मासं म्या मारलं म्हनता?"

"मुद्दाम मारलं आसं कोन म्हनतंय?"

"पोरांच्या पाठी मोडत व्हत्या पानी वाहून. वरपस्तोर हंडं न्यायचं. म्हनून बांधला मी तो ओटा. ह्या हातांनी बांधला."

"म्हाईत हाय. चांगल्यासाठीच बांधला तुमी."

त्यानं पडलेला दोर उचलून बाजेवर आपटला. मग त्याचा आवाज एकदम चढला. "मंग हे तुमच्याच तोंडानं यायचं व्हतं का? साऱ्या गावानं तुमाला टाकलं, मी टाकलं नाय. पोराची बोलनी खाल्ली. आन् माझंच नाव सांगितलं तुमी त्या पोरीला?"

"दुसऱ्यानं सांगितलं आसतं तं तुमी ते भर सभेत ऐकलं आसतं, भाऊजी. म्हनून मीच आले."

"उपकार झालं," पुंजाराम म्हणाला. तो उठला. दारात जाऊन पाठमोराच उभा राहिला. "जावा आता."

मालनबाई उतार उतरली. त्या संध्याकाळी लोटी आली नाही. तिनं चूल पेटवली, कोरा चहा केला, आणि तोही तसाच निवत ठेवून ओसरीवर बसली. वाट काही बघत नव्हती; पण नजर उताराकडं जायची ती जायचीच.

ग्रामसभेत तेजस्विनीनं आणि तिच्या सरांनी नाव कोणाचंच घेतलं नाही. सगळे पुंजारामकडं बघत राहिले. जीवन पुष्कळ भांडला, गट बुडवायला निघालात म्हणाला. सरांनी त्याचं सारं बोलणं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की औषध मारूच नका असं आम्ही म्हणत नाही. भरणं आणि धुणं नदीपासून लांब न्या. माती, भुसा आणि शेणखत भरून एक खड्डा करा, धुण्याचं पाणी त्यात जिरवा. बरंचसं औषध त्यातच कुजून मरतं. बांधाच्या कडेची गवताची पट्टी तशीच राहू द्या. भर पावसाच्या तोंडावर फवारा नको. ऐकताना जीवनचा आवाज हळूहळू खाली आला. पोरगा हुशार होता. परदेशी गिऱ्हाईक आजकाल पाण्याचंही विचारतं, हे त्याला ठाऊक होतं.

हे सगळं मालनबाईला दुसऱ्यांकडून कळलं. तिला सभेला कोणी बोलावलं नव्हतं.

पुढं एका सकाळी तिला पहारीचे घाव ऐकू आले. ठण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठण्ण. ती झेंडूतून वर येऊन बघते तर काठावर पुंजाराम एकटा ओटा फोडत होता. गटाकडं ट्रॅक्टर होते, मजूर होते. त्यानं कोणाला हात लावू दिला नसावा. पहार उचलायची, मारायची, आणि दमून तिच्यावरच टेकून उभं राहायचं. मालनबाईचा जीव कळवळला. तांब्याभर पाणी न्यावं म्हणून ती नदीकडं दोन पावलं गेली. पुंजारामनं तिला बघितलं आणि तोंड फिरवलं. ती तिथंच थांबली. सिमेंटचे तुकडे त्यानं एकेक करून टोपलीत भरले, वर वाहून नेले. एकही नदीत पडू दिला नाही.

थंडीचे दिवस फार लांब गेले. संक्रांतीला राखी येते म्हणाली होती, पण तिला जमलं नाही. शेजारपाजार नव्हताच. मालनबाई दिवसभर काम करायची आणि कामात मोठ्यानं बोलायची. फुलांशी बोलायची, विळ्याशी बोलायची. मग आपलाच आवाज ऐकून दचकायची. डोहावर जायची ती सवयीनं. एके दुपारी काठाच्या पाण्यात सुईएवढे जीव झुंडीनं फिरताना दिसले. वरच्या ओहोळातून उतरलेले. तिची सावली पडताच सगळे पळाले. त्यांना तिची ओळख नव्हती. ती मागं सरून उन्हात बसली आणि ते पुन्हा येईपर्यंत हलली नाही.

तेजस्विनी पुन्हा पेट्या घेऊन आली. फवाऱ्याचे दिवस गेले, पेट्या वर काढल्या. मोटरीजवळच्या पेटीत एक-दोन मासे मेले होते. बाकीचे जिवंत, चपळ. पोरीनं आनंदानं म्हातारीला मिठीच मारली. "आजी, जगले हो! बघा तरी!"

"बघितलं," मालनबाई म्हणाली. तिला एवढी सवय राहिली नव्हती माणसाच्या अंगाची. तिनं हलकेच स्वतःला सोडवून घेतलं आणि पेटीचं झाकण उघडून पाण्यात आडवं धरलं. मासे गेले.

द्राक्ष निघायच्या आधी गावात मोठा कार्यक्रम झाला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, झाडाला भोंगे बांधले. तालुक्याहून साहेब आले. 'नदी जपणारा गट' असा फलक कमानीवर लावला होता म्हणे. मालनबाईच्या झेंडूची फुलं मात्र नव्हती. हारांची फुलं नाशकातून आणली होती.

ती वावरात फुलं तोडत होती. भोंग्याचं एक तोंड नदीकडंच वळवलेलं, त्यामुळं शब्द न् शब्द येत होता. साहेब बोलले. मग जीवन बोलला. "आमच्या गटानं स्वतःहून पुढाकार घेऊन..." असं तो बरंच काही म्हणाला. टाळ्या झाल्या. मग तेजस्विनीचा आवाज आला, जरा चाचरत: "हे सगळं ज्यांच्यामुळं सुरू झालं त्या मालनआजी कुठं आहेत? मला त्या दिसत नाहीत. त्यांना पुढं बोलवा ना."

भोंगा नुसताच घरघरला. कोणीतरी म्हणालं, "घ्या, पुढचं घ्या, सत्काराचं घ्या." नावं पुकारली. मालनबाईनं मान खाली घालून फुलं ओटीत टाकली.

"पुंजाराम..." असं नाव आलं. टाळ्या पडल्या. शाल घातली असेल, नारळ दिला असेल. टाळ्या थांबल्यावर खुर्चीचा आवाज झाला, माईकवर काहीतरी आपटलं, आणि पुंजारामचा श्वास ऐकू आला, मोठा, धापेचा.

"मला बोलता येत नाय," तो म्हणाला. "त्या पोरीनं इचारलं, मालन कुठं हे. माझी वहिनी ती. ती घरी हे. तिला आम्ही बोलावलं नाय." त्यानं घसा खाकरला. "म्हंजी मीच म्हनलं व्हतं, नको बोलवू म्हनून. ओटा माझा व्हता. ही शाल मला नको."

"आबा, बसा, आबा..." जीवनचा आवाज आला. मग भोंगा खरखरला, बंद पडला आणि थोड्या वेळानं कोणीतरी देवाचं गाणं लावलं.

मालनबाई झेंडूच्या ओळीत उभी होती. ओटीतली फुलं सांडून पायाशी पडली होती, तिला त्याचं भान नव्हतं. वरच्या अंगाला गाव होतं, मांडवाचं लाल कापड झाडांतून दिसत होतं. उताराकडं मात्र कोणी वळलं नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ द्या भाऊजी," ती मोठ्यानं म्हणाली, जणू तो समोर बसला आहे. "लय दमला आसाल. घरी जावा."

मग ती खाली बसली, सांडलेली फुलं एकेक उचलून ओटीत घेतली, आणि पुढच्या ओळीला लागली. ऊन उतरेपर्यंत निम्मं वावर अजून तोडायचं होतं.